तीनशे एक्केचाळिसावा फोल्डर

रेकॉर्डच्या बाईंचा नोकरीतला आज शेवटचा दिवस, आणि नेमके आजच कॉम्प्युटरमधले सगळे फोल्डर सारख्याच वजनाचे झाले. चाळीस वर्षांचा पत्रव्यवहार पावणेतीनशे केबी, अन् परवाची एकपानी नोटीसही पावणेतीनशेच!

"अगं बाई! हे काय आणि?"

तीनशे चाळीस फोल्डर यादीप्रमाणे मोजून दिल्याशिवाय चार्ज सुटणार नव्हता. सहाच्या गाडीने मुलीकडे जायचं होतं. पंधरा दिवसांच्या नातीला बाईंनी अजून नुसतं फोटोतच पाहिलं होतं.

त्यांनी एक फोल्डर पुसून पाहिला. तो गेला आणि लगेच परत आला. दहा पुसले, दहाही आले. तेवढ्यात साहेब डोकावले. अकरा वर्षांत या माणसाच्या तोंडून एकदाही 'छान' निघालं नव्हतं.

"शेवटच्या दिवशी काय घोळ घातलात?"

"मी कशाला घालू? सकाळी हजेरी घेतली तेव्हा सगळं ठीक होतं!"

साडेतीनला कॉम्प्युटर दुरुस्त करणारीला बोलावलं. तिने चार बटणं दाबली आणि मान हलवली.

"हे फोल्डर नाहीतच. फोल्डरचं सोंग घेतलेला प्रोग्रॅम आहे. खऱ्यांना लपवतो आणि त्यांच्या जागी स्वतः बसतो. उघडला की लागला कामाला. हजेरी म्हणजे काय करता?"

"रोज सकाळी एकेक फोल्डर उघडून, आहे ना बघून बंद करते."

"आज किती उघडलेत?"

"सगळे. तीनशे चाळीस."

ती बिचारी खुर्चीत बसलीच. "एक उघडला असतात तरी पुरलं असतं हो!"

बाईंना रडूच फुटायचं बाकी राहिलं. "पण हे आलं कुठून?"

"कुणीतरी घरचा पेन ड्राइव्ह लावलाय."

साहेबांना एकाएकी खिडकीबाहेरचं झाड फार बघावंसं वाटू लागलं.

पावणेपाचला सोंगं हटली. "आता लपलेलं सगळं दाखवते," म्हणत तिने बटण दाबलं आणि खरे फोल्डर भराभर हजर झाले. बाईंनी बोट ठेवून मोजले. तीनशे एक्केचाळीस.

"एक जास्त आहे!"

"तो उघडू नका!" साहेब ओरडले. पण रेकॉर्डच्या बाई न उघडता कशा राहतील?

आत निरोपाच्या भाषणाचे एकोणीस मसुदे होते. साहेब रोज घरी नेऊन खोडत होते, सकाळी आणून इथे लपवत होते. प्रत्येकाची सुरुवात मात्र एकच होती: 'उद्यापासून या ऑफिसात काहीही सापडणार नाही, कारण बाई नसतील.'

बाईंनी चष्मा पुसला. साहेबांचे कान लाल झाले होते.

"यादी जुळत नाही साहेब," बाई म्हणाल्या.

"मग आता?"

बाईंनी पेन काढलं आणि यादीच्या तळाशी ठसठशीत लिहिलं: '३४१. निरोप. बाईंनी सोबत नेला.'

"एकोणीसही कागदावर काढून द्या," त्या पिशवी उचलत म्हणाल्या, "तुमच्या पेन ड्राइव्हमधून मला काहीही नको."

साहेब स्वतः उठून प्रिंटरकडे धावले.