सोबत उशी फुकट

शाळेचं पत्र गादीवाल्याने तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्यात तेच लिहिलेलं निघालं. 'पट क्रमांक सदतीस अभ्यासात फार मागे पडत आहे. आमच्या शाळेचा वेग झेपणारा नाही. पुढील वर्षी अन्यत्र प्रयत्न करावा. शुभेच्छा.' खाली मुख्याध्यापिकाबाईंची ऐटबाज सही होती.

पट क्रमांक सदतीस त्या वेळी टेबलाखाली बसून बुटाची लेस बांधत होती. घरात तिला भिंगरी म्हणायचे. लेस बांधायला तिला दहा मिनिटं लागायची, पण एकदा बांधली की ती कात्रीनेच कापावी लागायची.

"वर्षभर वापरून परत करायला ती काय गादी आहे?" गादीवाला गरजला.

"तुमच्या तोंडी हे शोभत नाही," बायको म्हणाली. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती, त्यामुळे कुणाचं तोंड कधी बंद करायचं हे तिला बरोबर कळायचं.

शोभत नव्हतंच म्हणा. गेल्या साली एका वकीलसाहेबांनी खचलेली गादी दुकानात परत आणून टाकली. महिन्याने तेच दुसरी घ्यायला आले, तर या पठ्ठ्याने तीच गादी निळं कव्हर चढवून पुढे केली. साहेब आडवे झाले, डोळे मिटून म्हणाले, "वा! अगदी घरच्यासारखी वाटते." मग सहज कव्हरची चेन उघडली आणि आतला स्वतःच्याच चहाचा डाग त्यांनी ओळखला. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. पण गादीवाला डगमगला नाही. "ओळखलीत ना? तुमच्यासाठीच राखून ठेवली होती! सोबत उशी फुकट!" वकीलसाहेब दोन्ही घेऊन गेले.

पण मुलीच्या बाबतीत त्याचं डोकं चालेना. आणखी दोन शाळांनी फोनवरच कानांवर हात ठेवले होते. पोरीला कुणीच घेतलं नाही तर, या विचाराने तो घाबरायचा, आणि घाबरला की जास्तच ओरडायचा.

"शनिवारी जाऊन चांगलं झापतो त्यांना!"

"मी बोलेन. तुम्हाला राग आला की तुम्ही सवलत देऊन बसता."

नेमका त्याच शनिवारी शाळेत नव्या पालकांचा मेळावा होता. दारातच एका हसऱ्या बाईंनी नवे पालक समजून तिघांच्या छातीवर पिवळी फुलं टाचली.

"हे बघा, मी स्पष्टच सांगतो—" गादीवाल्याने सुरुवात केली.

"सांगा ना! मोकळं बोलणारे पालक आम्हाला फार आवडतात. चहा की कॉफी?"

"चहा," तो म्हणाला आणि तिथेच फसला. हातात भरलेला कप असला की हातवारे करून भांडता येत नाही. आपल्या दुकानात तो गिऱ्हाइकांवर हाच प्रयोग करायचा.

हसऱ्या बाईंनी सगळ्यांना एका वर्गात नेलं. "बसून तर बघा!" गिऱ्हाईक एकदा टेकलं की अर्धं काम झालं, हा नियम ठाऊक असूनही तो एका चिमुकल्या खुर्चीत टेकला.

"आमच्याकडे प्रत्येक मूल आपापल्या गतीने पुढे जातं," बाई म्हणाल्या.

"कधीपासून?" बायकोने विचारलं.

"शाळा निघाली तेव्हापासून!"

हे ऐकून गादीवाला ताडकन उठला. खुर्चीही त्याच्याबरोबर उठली. मागे खुर्ची चिकटलेली असताना माणसाला झापणं जमत नाही. तो निमूट खाली बसला आणि काहीतरी बोलायचं म्हणून मैदान केवढं आहे ते विचारलं.

इकडे बाई भिंगरीकडे वळल्या. "सांग बघू बाळा, आपली चित्रांची खोली कुठे असेल?"

"दुसऱ्या मजल्यावर. कडी मोडलीय तिची."

"अगंबाई! आणि पाण्याचे नळ?"

"जिन्याखाली. डावीकडचा सोडू नका, अंगावर उडतो."

बाईंनी वहीत लिहिलं, 'अफाट निरीक्षणशक्ती.' मग त्यांनी कोड्याचे ठोकळे पुढे ठेवले. बाकीची मुलं गणितं करायची तेव्हा भिंगरीला हेच ठोकळे देऊन कोपऱ्यात बसवलं जायचं. वर्षभराचा सराव होता. तिने ते खिडकीबाहेर बघत लावून टाकले.

बातमी मुख्याध्यापिकाबाईंपर्यंत पोचली आणि त्या लगबगीने आल्या. "हीच का ती? अशीच मुलं हवीत आम्हाला! आधीची शाळा का सोडलीस गं?"

"मी हळू आहे म्हणून काढलं."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "ऐकलंत, पालकहो? अशा लोकांच्या हाती मुलं देऊच नयेत! कोण तुझ्या मुख्याध्यापिका? सांग, आत्ता फोन करून खडसावते त्यांना!"

भिंगरीने नेहमीप्रमाणे वेळ घेतला. वीस पालक कप धरून थांबले. मग तिने बाईंना खाली वाकवलं आणि त्यांच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "बाई, तुम्हीच. पण फोन कुणी उचलणार नाही. तुम्ही इथे आहात ना."

बाईंच्या चेहऱ्यावरचा तो भाव गादीवाल्याच्या ओळखीचा होता. चेन उघडली होती, डाग दिसला होता. आता या काय बोलतात ते ऐकायला तो खुर्चीसकट पुढे सरकला.

बाईंनी पालकांवरून नजर फिरवली आणि एकदम दोन्ही हात पसरले. "ओळखलंस ना? तुझीच जागा राखून ठेवली आहे आम्ही!"

टाळ्या पडल्या. गादीवाल्याचा राग कुठल्या कुठे गेला. त्याला बाईंबद्दल आदरच वाटला, पण धंदा तो धंदा.

"मग सोबत उशी?" तो खुर्चीतूनच म्हणाला.

"उशी?"

"उशी म्हणजे," बायकोने सूत्रं हाती घेतली, "शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास हिला हिच्या गतीने शिकवायचं. वेगळी फी नाही. आणि ते कोपऱ्यातले ठोकळे बंद."

"अर्थात! अर्धा तास तर आम्ही सगळ्यांनाच देतो!" बाई म्हणून गेल्या, आणि वीस पालकांनी खिशातून पेनं काढली.

तेवढ्यात मागून, नातवाचा हात धरून उभे असलेले वकीलसाहेब खाकरले. "वहिनी, लेखी घ्या. मला मिळालेली उशी आठवड्यात चपटी झाली."

बायकोने पर्समधून तेच पत्र काढलं आणि कोरी बाजू बाईंपुढे धरली. बाई लिहू लागल्या. वकीलसाहेबांकडे न बघता गादीवाला पुटपुटला, "सोमवारी या साहेब, नवी देतो."

सही झाली तेव्हा भिंगरी खाली बसून लेस बांधत होती. सगळे तिच्यासाठी थांबले. गादीवाल्याला तर मुळीच घाई नव्हती, कारण खुर्ची अजून निघाली नव्हती.