बारा दिव्यांचे बारा पत्ते

आक्काच्या नातीला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. त्याच वर्षी नाट्यमंडळाने आपले भट्टीसारखे तापणारे जुने दिवे काढून टाकले आणि बारा एलईडी दिवे आणले. हे नवे दिवे उजेड कमीजास्त करायच्या जुन्या पेटीवर चालेनात, म्हणून नवी पेटी घ्यायची ठरली. दुकानात तिला लायटिंग कन्सोल म्हणतात. भाऊ पेटीच म्हणायचा.

भाऊ हा आक्काचा धाकटा भाऊ. अडतीस वर्षं मंडळाच्या नाटकांना उजेड तोच देत आला होता.

"पेटी मी निवडणार!" त्याने बैठकीत टेबलावर मूठ आपटली. "उजेडाचं मला कोणी शिकवू नये!"

कोणी शिकवायला बसलंच नव्हतं. असल्या पेटीचं माहितीपुस्तक वाचून समजेल असा घरात एकच माणूस, आक्काचा नातजावई. आणि तो सकाळ-संध्याकाळ दुपटी धूत होता.

भाऊला घाई होती ती आक्कासाठी. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, हृदय थकलंय, आता रंगमंच पुरे. आक्का म्हणाली, एवढं एक नाटक करते. शेवटच्या अंकात तिला मरायचं होतं, खिडकीतून आलेल्या चांदण्यात. मंडळाचं चांदणं म्हणजे आजवर दिव्यापुढे बांधलेला निळा कागद. तो दर खेळाला करपायचा आणि वास तिसऱ्या रांगेपर्यंत जायचा.

"यंदा तुला खरं चांदणं देतो, आक्का!"

"दे बाबा. एकदा तरी वास न येता मरू दे!"

भाऊबरोबर दुकानात तात्या गेला. तात्या मंडळाचा चिटणीस, पडद्याआडून नटांना वाक्यं सांगणारा, आणि चौतीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेला पोस्टमन.

दुकानदाराने आधी मोठा पडदा असलेला कन्सोल दाखवला. "हा दिवे स्वतः ओळखतो, काका. रंगावर नुसतं बोट ठेवायचं. दोन युनिव्हर्स आहेत यात."

"म्हणजे?" तात्याने विचारलं.

"म्हणजे दोन विश्वं."

"अहो, आमचा रंगमंच चोवीस फुटी!" भाऊ म्हणाला. "त्यात एक कपाट ठेवलं तर नटाला आडवं चालावं लागतं. दोन विश्वं ठेवू कुठे? आणि काचेवर बोट फिरवून उजेड कळतो होय? हाताला दांडी लागली पाहिजे!"

कोपऱ्यात एक साधी पेटी होती. तिला वरखाली सरकणाऱ्या चोवीस दांड्या. भाऊने एक दांडी सरकवून पाहिली आणि त्याचा चेहरा सासरहून आलेली मुलगी पाहावी तसा फुलला.

"हीच! बारा दिव्यांना बारा दांड्या. उरलेल्या बारा रंगांना. इतके रंग तरी आहेत का जगात?"

"तसं नाही, काका," दुकानदार म्हणाला. "या दिव्यात लाल, हिरवा, निळा, पांढरा असे चार भाग असतात. प्रत्येक दिव्याला पत्ता द्यावा लागतो, आणि एकेक दिवा चार पत्ते खातो..."

"थांबा!" तात्याने हात वर केला. "पत्त्याचं मला शिकवू नका! एका घराला चार नंबर? चौतीस वर्षांत असं घर पाहिलं नाही मी. एवढ्यात तिथला पोस्टमन वेडा झाला असता!"

दुकानदाराने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, घाम पुसला आणि पेटी बांधायला घेतली.

पेटी आली ती नेमकी खेळाच्या दिवशी सकाळी. तात्या शिडीवर चढला. प्रत्येक दिव्याच्या पाठीवर आकडा लावायची सोय होती. पहिल्या दिव्याला त्याने दिला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. रांगेतली घरं लागावीत तसे बारा दिव्यांचे बारा पत्ते लागले. भाऊने खाली दांड्यांवर चिकटपट्ट्या लावल्या. एक ते बारा दिवे, तेरावी लाल, चौदावी हिरवी, पंधरावी निळी, सोळावी पांढरी. पाचवा दिवा आक्काच्या खाटेवरचा. बारावा अगदी कडेला, तात्या बसायचा त्या कोपऱ्यावर. तो कधी लावायचाच नव्हता.

मग भाऊने सगळ्या दांड्या एकदम वर केल्या. रंगमंच दुधाने धुतल्यासारखा पांढराशुभ्र झाला! मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

"चांदणं दाखव ना," आक्का म्हणाली.

"आत्ता नाही. मरताना बघ!"

पहिले दोन अंक सगळ्या दांड्या वर ठेवून झकास झाले; कोपऱ्यातही उजेड पडला म्हणून तात्या तेवढा वेळ पडद्यामागे सरकून बसला. तिसऱ्या अंकात आक्का खाटेवर आडवी झाली. तिच्या मुलाचं काम करणारा शिंपी गुडघ्यावर बसला. भाऊने सगळ्या दांड्या खाली ओढल्या. अंधार झाला तसा तात्या आपल्या कोपऱ्यात परतला. देवाचं नाव घेऊन त्याने पाचवी वर केली.

आक्का भट्टीतल्या विटेसारखी लालभडक झाली! शेजारचं कपाट हिरवं, दार निळं. मरणाची खोली कसली, गोळ्या-बिस्किटांचं दुकान झालं ते!

शिंप्याने पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "आई, किती पांढरी पडलीस गं!"

पहिल्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं.

भाऊने निळीची, म्हणजे पंधरावी दांडी वर ढकलली. आक्का लालच राहिली. मात्र कडेच्या कोपऱ्यात लख्ख उजेड पडला आणि त्यात चष्मा नाकावर ओढलेला तात्या दिसला. एका हातात वही, दुसऱ्यात अर्धं केळं! लोकांनी टाळ्या पिटल्या. तात्याला काय करावं कळेना. त्याने उठून नमस्कार केला.

भाऊने ती दांडी खाली ओढली आणि चुकून सहावी वर केली. आक्का पिवळी झाली. पिवळी म्हणजे हळदीसारखी!

"कावीळ, कावीळ!" मागून आवाज आला.

भाऊ दांड्या ओढतोय, ढकलतोय. आक्का हिरवी झाली, जांभळी झाली, पुन्हा लाल झाली. एका दिव्याला हात लावावा तर शेजारचे तीन बदलतात! शेवटी आक्काने उशीवरून मान उचलली आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अरे भाऊ, आधी माझा रोग ठरव, मग मी मरते!"

लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. भाऊने डोळे मिटून सगळ्याच्या सगळ्या दांड्या वर केल्या. त्या पांढऱ्याफटक उजेडात, एक्सरे काढायला झोपवल्यासारखी आक्का मेली. शिंपी हुंदके देऊ लागला तसे लोक आणखी हसले. पडदा पडला.

भाऊ पेटीमागून उठेना. तोंडावरचा रंग न पुसताच आक्का त्याच्याकडे आली.

"काय उजेड पाडलास रे!"

"आक्का, मला माफ कर."

"माफ कसलं? माझ्या मरणावर इतक्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या!"

"पण चांदणं..."

"हां," आक्का हळूच म्हणाली. "ते राहिलं."

भाऊने मान खाली घातली. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "नीट कर आणि मग बोलाव मला. रिकाम्या नाटकघरात आडवी होईन."

दुसऱ्या दिवशी भाऊ दुकानात गेला. आता मात्र दुकानदार बोलत असताना त्याने तोंड उघडलं नाही. एका दिव्याला चार घरं, एकेका रंगाची एकेक दांडी, म्हणजे चोवीस दांड्यांत सहाच दिवे; तात्याचे पत्ते एकमेकांच्या घरात घुसले होते. पहिल्याचा पत्ता एक, दुसऱ्याचा पाच, तिसऱ्याचा नऊ. तात्याने शिडीवर चढून सगळे पत्ते बदलले. उरलेले सहा दिवे नुसते टांगून राहिले. भाऊने खाटेवरच्या दिव्याची तिसरी, म्हणजे निळी दांडी सावकाश वर केली.

निळं, निवांत चांदणं खाटेवर उतरलं. कसलाही वास नाही. तात्या उजेड बघायला म्हणून खाटेवर आडवा झाला आणि बराच वेळ उठलाच नाही.

"भाऊ," तो म्हणाला, "इथे खरंच मरावंसं वाटतं रे!"

भाऊने धावत जाऊन आक्काला फोन लावला आणि तात्या खाटेवरून उठत नाही, हेही सांगितलं.

"गुरुवारी दुपारी येते," आक्का म्हणाली. "तोवर गादी झटकून ठेव. तात्याचा घाम नको मला."

भाऊने गादी उन्हात घातली, झटकली, वर धुतलेली चादर अंथरली.

आक्का त्याच आठवड्यात मंगळवारी, अठरा जूनला, सकाळी साडेनऊ वाजता वारली.