माघार कुठं पळून जातीय

आमच्या येरमाळ्याचे भगवानअण्णा एका माणसासाठी सहा कपबश्या मांडत. पाहुणा एकटाच आलाय हे दिसत असूनही मांडत. "मागनं कोण आलं तर?" म्हणत. मागून कोणी येत नसे. बायको वारलेली, मुलगी लातूरकडे दिलेली. पाच कप कोरडेच फळीवर परत जात.

जिल्हा परिषदेची पहिली निवडणूक आली आणि अण्णांनी पक्षाचं तिकीट मागितलं. तालुका समितीत आम्ही एकतीस जण. कोण कुणाकडे, हे मोजायचं काम माझ्याकडे. समोरच्या उमेदवाराकडे सत्तावीस, अण्णांकडे चार. त्यात एक ते स्वतः.

बैठकीत हात वर करायची वेळ येऊ नये, म्हणून समजावणारे निघाले. सकाळी सरपंच, दुपारी मास्तर, कळंबहून मोटारीनं पुढारी.

"अण्णा, माघार घ्या."

"घेऊ की. बसा तर. माघार कुठं पळून जातीय? च्या घ्या."

चहा संपे आणि विषय उद्यावर जाई. अण्णांनी शेजारून आणखी कप मागून आणले. एकदा भजीही झाली. समोरचा उमेदवार तर एका संध्याकाळी माघारीचं बोलायचंच विसरून घरी गेला.

शेवटी मला धाडलं. मी आडपडदा ठेवला नाही. "अण्णा, सत्तावीस विरुद्ध चार. यात काही बदलत नाही. एकदा माघार घ्या, ही रोजची वर्दळ थांबेल. निवांत व्हाल."

अण्णा चहा गाळत होते. गाळणी हातात तशीच राहिली.

"थांबंल, व्हय," ते म्हणाले. "त्ये ठावं हाय मला."

बैठकीत त्यांनी उठून माघार घेतली. समोरच्याला हारही त्यांनीच घातला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरावरून चाललो होतो. ओसरीवर सहा कपबश्या मांडलेल्या. अण्णा रस्त्याकडे बघत बसलेले. मी पायरी चढलो.

"आता कशाची माघार मागताव?"

माझ्याकडे कारण नव्हतं. "वाचनालयाच्या अध्यक्षाची निवडणूक आहे," मी म्हणालो. "उभे राहा."

"पडंन की."

"पडालच. मोजलंय मी. आम्ही येऊच समजवायला."

अण्णा मग स्टोव्हला पंप मारायला उठले आणि दारातून वळून म्हणाले, "कितीजण याल, त्ये बी मोजून सांगा."