हाकेला गवाही

रशीद मास्तरांना तुम्ही नमस्कार केलात, तर ते आधी शेजारच्या माणसाला विचारतात, "यांनी नमस्कार केला ना? गवाही हाय?" तो माणूस हो म्हणाला, की मग तुमच्याकडे वळतात, छातीवर हात ठेवतात आणि अगदी मनापासून तुमची चौकशी करतात.

श्रीरामपूरला बदली होऊन आलो, त्या पहिल्याच दिवशी मला हा प्रसाद मिळाला. सामानाचा टेम्पो दारात उभा होता, मी घामाघूम झालो होतो. समोरच्या ओट्यावर मेंदी लावलेल्या दाढीचे एक उंच गृहस्थ क्लॅरोनेट पुसत बसले होते. मी म्हणालो, "नमस्कार." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीखाली भाजीची गाडी लावून बसलेल्या सिंधूताईंना विचारलं. सिंधूताई मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "हाय गवाही. केला त्यांनी नमस्कार. कालिजात नवे सर आलेत." मला वाटलं, आपला आवाज बसलाय.

आवाज बसलेला नव्हता. मास्तरांचा खाक्याच तसा होता. घरात कुकरची शिट्टी झाली, की ते खिडकीतून विचारायचे, "तीन झाल्या का? गवाही?" खिशात मोबाईल वाजला, की स्टँडवरच्या अनोळखी माणसाला विचारायचे, "वाजतोय ना?" तो बिचारा स्वतःचा खिसा चाचपायचा. कंडक्टर "राहुरी, राहुरी" असं घसा फोडून ओरडत असला, तरी मागच्या सीटवरच्या बाईनं दुजोरा दिल्याशिवाय मास्तर बसमध्ये चढत नसत. एकदा लग्नाची वेळ सांगायला आलेले वरबाप म्हणाले, "पाच वाजता या." मास्तरांनी शेजारी बसलेल्या नवरदेवाच्या मामाकडे मान वळवली, "पाचच म्हनले ना?" वरबाप भडकले. "मी काय खोटं बोलतोय का?" मास्तर शांतपणे म्हणाले, "तुमी न्हाई हो. माझ्या कानांचं काय सांगावं! निकाहाला दोन गवाह लागत्यात, मग हाकेला एक तरी नको का?"

गंमत म्हणजे हा माणूस बँडमास्तर. त्यांच्यासारखा कान अख्ख्या तालुक्यात नव्हता. पन्नास पावलांवरून ते सांगायचे, की डावीकडचा ट्रंपेट अर्ध्या श्वासानं मागं पडतोय. आणि याच कानावर त्यांचा भरवसा नव्हता! मी जीवशास्त्राचा प्राध्यापक. माणूस दिसला, की त्याचं निदान करायची मला वाईट खोड आहे. महिन्याभरात माझं निदान झालं: मास्तरांना संशयाचा आजार असावा. हे मी बायकोला सांगितलं, बायकोनं हसून सोडून दिलं.

त्यांच्या घरात आजारी कोण आहे, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मलाच ते उशिरा कळलं. मास्तरांचा धाकटा भाऊ हमीद हा एके काळी एक नंबरचा क्लॅरोनेटवाला. सहा वर्षांपूर्वी त्याला कुणी बोलत नसताना बोलणं ऐकू यायला लागलं. एका वरातीत तो वाजवणं थांबवून गर्दीतल्या माणसाच्या अंगावर धावून गेला, "माझ्याबद्दल काय बोललास?" तो माणूस तोंडात पान धरून उभा होता, त्याला बोलणं शक्यच नव्हतं. त्या दिवसापासून हमीद घरात बसला. नगरच्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी पुष्कळ उतार पडला. तो घरात वाजवायचा, हसायचा, मटार सोलून द्यायचा. पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे.

मास्तरांना आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती. हमीद परत पुढच्या रांगेत उभा राहायला हवा होता. प्रत्येक वरातीच्या आधी ते स्वतःच्या कोटाबरोबर हमीदचा लाल कोटही इस्त्री करून खुंटीला टांगायचे. त्याचा क्लॅरोनेट पुसून ठेवायचे. बँड निघायचा तो पुढच्या रांगेत एक जागा मोकळी ठेवून. लोक विचारायचे, "मास्तर, माणूस कमी पडला का?" मास्तर म्हणायचे, "येनार हाय."

एका दुपारी मी वर्गासाठी तक्ता काढत बसलो होतो, तेव्हा मास्तर शिरखुर्म्याचा डबा घेऊन आले. तक्त्याकडे बघून म्हणाले, "सर, ही कसली झाडं?"

"झाडं नाहीत, मास्तर. मेंदूतल्या पेशी आहेत." मला श्रोता मिळाला, मग मी कशाला थांबतोय! मी सांगितलं, समोर आंबा असला तर काही पेशी रंग टिपतात, काही आकार, काही वास. कुठल्याही एका पेशीला आंबा दिसत नाही. सगळ्यांचं मिळून आंबा होतो.

"मग यांचा मास्तर कोन?"

"कुणी नाही."

"कुनीच न्हाई? आनि बिनमास्तरचं वाजतंय?" ते खुर्चीच्या टोकाशी सरकले. "मग ठेका कोन देतं?"

पंधरा वर्षं शिकवतोय, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "एकमेकींना देत असाव्यात. ज्या पेशी एका वेळी, एका ठेक्यात चालतात त्यांचं म्हणणं जुळतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पुरता उलगडा अजून झालेला नाही."

"आमचंबी तसंच हाय की," मास्तर म्हणाले. "जनरेटरच्या आवाजात ढोलवाल्याला पुढचं काय घंटा ऐकू येतंय? तो पुढच्याच्या खांद्याकडं बघतो. खांदा उचलला, की टिपरू हानतो. बरं, आनि बिघडलं म्हंजे?"

"पेशी धडधाकट असतात, पण निरोप वेळेवर पोचत नाही. आता हेच बघा. आपण मनात बोलतो, तेव्हा बोलणारा भाग ऐकणाऱ्या भागाला आधीच कळवतो, की हा आवाज आपलाच आहे, दचकू नको. हा निरोप चुकला, तर स्वतःचाच विचार परक्याच्या आवाजात ऐकू येत असेल. असं एक मत आहे."

मास्तर तक्त्यावर वाकले. मग हळूच म्हणाले, "परत सांगा." मी परत सांगितलं. त्यांनी दोन पेशींमधल्या रेघेवरून बोट फिरवलं.

"म्हंजे परका कुनी नसतोच," ते म्हणाले. "कापसाच्या गोदामांचा बोळ हाय ना, दोन्हीकडं उंच भिंती? त्यात बँड शिरला, की आपलाच सूर भिंतीवरून परत येतो. नवखा वाजवनारा हटकून थांबतो. त्याला वाटतं, समोरून दुसरी वरात आली."

ते उठून गेले. जाताना त्यांनी माझं एकही वाक्य कुणाकडून तपासून घेतलं नाही. माझ्या एका व्याख्यानानं त्यांचा संशयाचा आजार बरा केला, असं मी त्या दिवशी बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर सिंधूताईंना विचारत होते, "दूधवाला ओरडला का? गवाही?"

फाल्गुनात सिंधूताईंच्या मुलाचं लग्न ठरलं. पोराला डीजे हवा होता. सिंधूताई थेट मास्तरांच्या दारात गेल्या आणि आतल्या अंधाराकडे तोंड करून म्हणाल्या, "हमीद, तू वाजवनार असशील तर बँड सांगते. न्हाईतर डीजे. मग माझं डोकं उठलं तर ते तुझ्यामुळं." आत चाललेला क्लॅरोनेट थांबला. मग हमीद म्हणाला, "येतो." मास्तरांनी सिंधूताईंकडून तीनदा गवाही घेतली.

वरात उन्हं कलताना निघाली. हमीद पुढच्या रांगेत, त्याच्या त्या मोकळ्या जागेवर उभा होता. लाल कोट त्याला सैल झाला होता. पहिली दोन गाणी त्यानं जमिनीकडे बघत वाजवली, तिसऱ्याला मान वर केली. गल्लीतल्या बायका नाचायचं सोडून त्याच्याकडेच बघत होत्या. मी मास्तरांच्या शेजारून चालत होतो. त्यांच्या कपाळावर घाम होता.

नेमका नेहमीचा रस्ता गटारासाठी उकरून ठेवला होता. वरात वळली ती गोदामांच्या बोळात. मास्तर "थांबा" म्हणेपर्यंत पुढची रांग आत शिरलीसुद्धा.

आणि हमीद थांबला. क्लॅरोनेट तोंडापासून काढून त्यानं मागं बघितलं, मग भिंतीकडे. त्याचा चेहरा पांढरा पडला. तो थांबला तसा शेजारचा थांबला, मग ढोल, मग सगळा बँड. घोडा मात्र पुढे गेला आणि नवरदेवाला उलटा फिरवून आणावा लागला. पुढच्या बायकांनी पोरांना मागं ओढलं. सहा वर्षांपूर्वीची वरात पुष्कळांना आठवत होती.

"भाई," हमीद म्हणाला, "माझ्यामागं कुनीतरी वाजवत हुतं. गवाही हाय?"

मास्तरांना ठाऊक होतं, तो सूर कुणाचा ते. पण आता बँड थांबला होता आणि बोळात काहीच ऐकू येत नव्हतं. नुसतं "हाय" म्हटलं असतं, तर हमीदला ते समजूत काढल्यासारखं वाटलं असतं. मास्तर म्हणाले, "वाजव. एकटा वाजव. एकच सूर."

हमीदनं भीत भीत एक लांब सूर लावला आणि सोडला. भिंतीवरून तो सूर परत आला, जरासा बारीक, पण स्वच्छ.

"आला," मास्तर म्हणाले. "मलाबी ऐकू आला. तुझाच हाय."

"हाय गवाही," ढोलवाला म्हणाला. "हाय, हाय," मागचे ट्रंपेटवाले म्हणाले. सिंधूताई गर्दीतून ओरडल्या, "हाय रं हमीद! आता वाजव, मुहूर्त चाललाय." घोड्यावरून नवरदेवानंही हात वर केला. या सगळ्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. रशीद मास्तरांच्या माणसांना गवाही द्यायची असते, ही श्रीरामपुरात रोजची गोष्ट झाली होती. हमीद भिंतीकडे बघून हसला आणि त्यानं क्लॅरोनेट परत तोंडाला लावला.

चार दिवसांनी सकाळी मी ओट्यावर मास्तरांबरोबर चहा घेत होतो. मी विचारलं, "मास्तर, ही गवाहीची सवय कधीपासून?"

"हमीदच्या आजारापासून," ते म्हणाले. "डॉक्टरीणबाईंनी त्याला सांगितलं हुतं, की आवाज आला, की भरवशाच्या मानसाला इचार, तुलाबी आला का म्हनून. त्यानं दोन दिवस इचारलं. लोक हसले, येडा म्हनले. तिसऱ्या दिवशी त्यानं इचारनं सोडलं. आत कोंडून घ्यायला लागला." त्यांनी बशीत चहा ओतला. "मग मी इचारायला लागलो. मला म्हातारा खुळावला म्हनले तरी काय बिघडतंय? आधी हसले, मग सवय झाली. आता त्यानं कुनाला इचारलं, तरी लोक म्हनतील, घरान्याचीच खोड हाय."

माझ्या निदानाची मला भयंकर लाज वाटली.

"म्हणजे तुमच्या कानांना कधीच शंका नव्हती?"

"माझ्या?" ते हसले. "सर, मला आजवर एक सूर दोनदा ऐकावा लागलेला न्हाई. पन मी लोकांना इचारायचो, ते त्याला धीर यावा म्हनून. तो मात्र अजून फक्त मलाच इचारतो. मी सत्तरीला आलो. मी गेल्यावर तो कुनाला इचारनार? रात्रंदिवस तेवढंच डोक्यात असतं."

तेवढ्यात आतून हमीदचा आवाज आला. "सर, आत्ता कुनी हाक मारली का?"

मास्तरांनी सवयीनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. गल्लीत कुणीच हाक मारली नव्हती. मी म्हणालो, "नाही हमीदभाई. मी इथंच बसलोय. कुणी हाक मारली नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि आत क्लॅरोनेट सुरू झाला.

मास्तरांनी बशी ओट्यावर ठेवली आणि ते खिडकीखालच्या भाजीच्या गाडीकडे वळले. डोळे भरून आले होते, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"सिंधूताई," ते म्हणाले, "त्यानं आत्ता सरांना इचारलं ना? मला न्हाई, सरांना? गवाही हाय?"

या वेळी ते खरंच विचारत होते.

सिंधूताईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "हाय मास्तर," त्या म्हणाल्या. "सरांनाच इचारलं."