रफू केलेल्या स्पीकरची मोहीम

ऐकणारांनी कान उघडे ठेवावे, न ऐकणारांनी कापसाची तजवीज करावी, आणि ज्यांचा निश्चय होत नाही त्यांणी दाराजवळ बसावे. मजकूर ऐसा की, पेशजी तीस वर्षांमागे या शहरी पंक नामक संगीताचा मोठा अंमल होता. गाणे दोन मिनिटांचे, कॉर्ड तीन, आणि आवाज ऐसा खरखरीत की खिडक्यांच्या काचांनी रजा मागावी. त्या राज्याच्या धनीण मावशीसाहेब. पुढे काळ फिरला, आणि गुळगुळीत गाण्यांची सरशी जाहली, आणि फौज पांगली, आणि मावशीसाहेब पेन्शनीत गेल्या, आणि त्यांचा जुना स्पीकर पलंगाखाली नजरकैदेत पडला.

त्यांचा भाचा पेशाने रफूगार. कसबी ऐसा की त्याच्या दुकानात फाटके आलेले वस्त्र फाटके म्हणोन कधी परत गेले नाही. त्याचे मनी आले की जुना आवाज पुन्हा गादीवर बसवावा. मग त्याने गिटार हाती घेतली, आणि सिटी बसच्या कंडक्टरबाईंस बेसवर तैनात केले, आणि ड्रमचा तोफखाना बेकरीवाल्याच्या हवाली केला, आणि बेकरीच्या मागे मैद्याच्या पोत्यांत छावणी पडली. कंडक्टरबाईंनी घंटी दोनदा वाजवली की गाणे सुटावे, एकदा वाजवली की थांबावे, ऐसा कायदा ठरला. सरंजाम सगळा सिद्ध, परंतु नव्या स्पीकरातून काही केल्या ती खरखर निघेना, आणि तिच्याविना पंक म्हणजे मिठाविना भात.

तेव्हा भाच्याने मावशीसाहेबांपुढे अर्ज गुदरला. हुकूम ऐसा जाहला की, स्पीकर मंगळवारी न्यावा, शनिवारी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या सभागृहात वाजवावा, आम्ही जातीने येऊ. तोच आवाज निघाल्यास स्पीकर फौजेस बहाल, न निघाल्यास रविवारी भंगारवाल्यास रुजू. दस्तुरखुद्द बोलल्या ते इतकेच, "तीस वर्षं झाडताना त्याला ठेचकाळतेय मी. एकदाचं काय ते होऊन जाऊ दे." बोलताना त्यांचा तळवा मात्र स्पीकरवरून फिरत होता, ते भाच्याने पाहिले.

मंगळवारी स्पीकर छावणीत दाखल जाहला आणि पहिल्याच फटक्यास जुना आवाज ऐसा उठला की बेकरीवाल्याचे डोळे भरून आले. त्याने दोष मैद्याच्या माथी मारला. आता फत्ते दूर नाही ऐसे सर्वांस वाटले, आणि घात तेथेच जाहला.

शुक्रवारी दुपारी, मावशीसाहेबांचे नजरेस स्पीकर नीटनेटका पडावा म्हणोन भाच्याने तो पुसावयास घेतला, आणि पुढली जाळी काढली, तो आत पुठ्ठ्याच्या पडद्यास बोटभर चीर. रफूगारास चीर दिसणे म्हणजे मांजरास दूध दिसणे. त्याने विचार केला की मावशीने जपलेली वस्तू आणि ती फाटकी, हे आपल्या हयातीत चालणे नाही. मग बारीक सुई काढली, आणि रेशमी दोरा ओवला, आणि दोन प्रहर खपून, वरून डिंक लावून, रफू ऐसे केले की उद्या ब्रह्मदेव आला तरी जोड सापडू नये. मग जाळी लावली आणि समाधानाने चहा प्याला. वाजवून पाहण्याचे त्यास सुचले नाही.

शनिवारी चारास सभागृही अठ्ठावीस असामी जमले, पैकी सात वर्तमानपत्र वाचावयास आलेले. मावशीसाहेब पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स. कंडक्टरबाईंनी दोन घंट्या दिल्या, तोफखाना सुटला, भाच्याने गिटारीवर हात मारला, आणि आवाज निघाला तो स्वच्छ, गोड, जणू इस्त्री करून आणलेला. वर्तमानपत्रवाल्यांपैकी एकाने तर मान डोलावली, त्याहून मोठी शिकस्त पंकच्या इतिहासी नाही. मावशीसाहेबांनी पर्स उचलली आणि उठल्या.

कंडक्टरबाईंनी एक घंटी दिली. भाच्यास आपला कालचा चहा आठवला, आणि काय करोन बसलो ते एकदम उमगले.

"मावशी, थांब. आत फाटलं होतं. मी काल शिवलं."

मावशीसाहेब दाराशी थबकल्या. "फाटलं नव्हतं रे बाबा. मी फाडलं होतं. केसांतला आकडा काढून, पहिल्या कार्यक्रमाच्या आधी. कुणालाच सांगितलं नव्हतं."

"मला तरी सांगायचंस."

"तू शिवशील असं कुठं वाटलं होतं मला," ऐसे बोलोन त्या हसू दाबीत उभ्या राहिल्या. "मग आता?"

आता भाच्याने जाळी काढली आणि खिशातील कात्री उपसली. बावीस वर्षे धंदा करोन आपल्या हातचा टाका त्याने कधी कापला नव्हता, आणि हे रफू तो त्याच्या जन्मातील सर्वांत देखणे. कात्री क्षणभर अडखळली. मग त्याने डोळे मिटले नाहीत, नीट पाहोनच कापले, एका टोकापासोन दुसऱ्या टोकापर्यंत.

मग दोन घंट्या जाहल्या, आणि खरखर ऐसी उठली की वर्तमानपत्रवाले सातही असामी वर्तमानपत्रे टाकून पळाले, त्यांतील दोघे काय झाले ते पाहावयास परत आले आणि राहिले. तिसऱ्या गाण्यास मावशीसाहेबांनी पर्स खुर्चीवर ठेविली, मंचावर चढाई केली, भाच्यापुढला माइक जप्त केला, आणि एक मिनिट बावन्न सेकंद ऐसे गायल्या की बेकरीवाल्याची एक काठी मोडली.

येणेंप्रमाणे जुना आवाज शनिवारी सायंकाळी पाच वाजता गादीवर बसला. स्पीकर फौजेस वंशपरंपरेने बहाल जाहला, शर्त एकच, की त्यास सुई लावू नये. भंगारवाला रविवारी येऊन रिकाम्या हाती परतला.

आणि सोमवारी दुकानी एक गिऱ्हाईक कोपरावर फाटलेला जुना कोट घेऊन आले. भाच्याने तो उजेडात धरिला, दोन्हीकडून पाहिला, आणि धंद्यात प्रथमच विचारिले, "शिवू, की राहू देऊ?"