नर्मदाबाईंचा घुमारा

गावात नर्मदाबाईंचा दोघांवरच विश्वास होता. एक मारुतीवर आणि दुसरा स्वतःच्या गळ्यावर. त्यातही मारुतीबद्दल कधीमधी शंका यायची, गळ्याबद्दल कधीच नाही!

चाळीस वर्षं देवळात पहाटेची भूपाळी त्यांचीच. त्या माईकसमोर उभ्या राहिल्या की शिरड शहापूरला जाणारी पहिली जीपसुद्धा भूपाळी संपेपर्यंत जागची हलत नाही, असं त्या सांगायच्या. सीटं भरलेली नसतात म्हणून थांबतो, असं जीपवाला म्हणायचा. पण त्याला विचारतंय कोण!

यंदा मात्र गुडघ्यांनी दगा दिला. देवळाच्या अकरा पायऱ्या चढेपर्यंत ऊन वर यायला लागलं. शेवटी देवळाच्या कमिटीचे विश्वंभर घरी आले आणि खाटेच्या काठावर बसून, जपून म्हणाले,

"काकू, भूपाळी रेकॉर्ड करून घेऊ. पेनड्राइव्ह लावला की झालं काम. पाच दिवस वाजवून पाहू. लोकायला पसंत पडली तर कायम तुमचीच. न्हाई तर..."

"न्हाई तर काय?"

"न्हाई तर सुमनबाई हाईतच."

सुमनबाई म्हणजे नर्मदाबाईंची धाकटी जाऊ. घर खालच्या गल्लीत. चांगलं कोण गातं यावरून दोघींचं भांडण इतकं जुनं, की ते सुरू झालं तेव्हा गावात लाईट आली नव्हती!

"सुमनी?" नर्मदाबाई कडाडल्या. "तिच्या आवाजानं देव उठंल व्हय! कूस बदलून झोपंल!"

दुसऱ्याच दिवशी सून प्रतिक्षाला घेऊन त्या आखाडा बाळापूरला गेल्या. तिथं खताच्या दुकानाच्या माडीवर अनिरुद्धचा स्टुडिओ होता. आत पाऊल टाकताच त्यांनी भिंती चाचपल्या.

"भिंतीला गाद्या काहून लावल्या रे बाबा? डोकं आपटून घ्यायला?"

"आवाज परत येऊ नये म्हणून, आज्जी."

नर्मदाबाईंनी एका दमात भूपाळी गायली. मग अनिरुद्धनं त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. दोन ओळी ऐकल्या आणि त्यांचा चेहरा कारलं चावल्यासारखा झाला.

"हे कोण गाऊन राहिलं? कोरडी भाकर हाय नुसती! हा माझा आवाज न्हाई!"

"तुमचाच हाय. देवळात दगडी भिंती आवाज घुमवतात. इथल्या भिंती मुक्या. म्हणून घुमारा आता वरून लावायचा." त्यानं एक बटन फिरवलं.

आणि काय सांगावं! नर्मदाबाई बसल्या जागी गाभाऱ्यात पोचल्या! त्यांनी हेडफोन काढून कॉम्प्युटरच्या मागं वाकून पाहिलं. मग टेबलाखाली पाहिलं.

"कुठून आला हा? विहिरीतला दाखव बरं." त्यानं विहिरीतला दाखवला. "रिकाम्या कणगीतला?" तोही दाखवला. तासभर त्या लहान लेकरासारख्या एकेक घुमारा चाखत बसल्या. प्रतिक्षानं दोनदा जांभई दिली, तीनदा घड्याळ पाहिलं.

"आता बोला आज्जी, घुमारा मोनो ठेवू का स्टिरिओ?"

"दोन्हीत फरक काय?"

"मोनो म्हंजी घुमारा एका जागेवरून येतो. समोरच्या डोंगराला हाक मारली की तिकडूनच हाक येते, तसा. स्टिरिओ म्हंजी चौफेर. डाव्या कानात येगळा, उजव्यात येगळा. देवळात मधोमध उभं राहिल्यावानी."

नर्मदाबाईंनी दोन्ही तीन-तीनदा ऐकले. डोळे मिटले, उघडले.

"अन् ती एक जागा... ती आपण ठरवायची?"

"व्हय. डावीकडं, उजवीकडं, कुठंबी."

म्हाताऱ्या डोळ्यांत दिवे लागले! "आयक. देवळाचे दोन कर्णे हाईत. डाव्याचं तोंड आमच्या वरच्या गल्लीकडं, उजव्याचं खालच्या. दोन्हीच्या वायरी येगळ्या, मी डोळ्यानं पाहिल्या. मला डाव्यात बसव अन् घुमारा उजव्यात. मी हाक मारायची अन् सुमनीच्या गल्लीनं हुंकार द्यायचा!"

अनिरुद्धनं डोकं खाजवलं. "आज्जी, हेडफोनचे दोन्ही कान एकाच डोक्याला असतात. गावाचं तसं..."

"गावाला डोकं हाय का न्हाई ते मी पाहून घेते. तू बटन फिरव!"

त्यानं फिरवलं. हेडफोनवर ऐकायला असं झकास झालं, की प्रतिक्षाची जांभईसुद्धा अर्ध्यात थांबली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुजारी देविदासनं पेनड्राइव्ह लावला. इतकी वर्षं माईकचा आवाज दोन्ही कर्ण्यांतून सारखाच यायचा, त्यामुळं डावं-उजवं कोणाला ठाऊकच नव्हतं. मशीनला मात्र ठाऊक होतं! वरच्या गल्लीला नुसता कोरडा आवाज मिळाला. त्यात प्रत्येक धाप ऐकू येत होती.

"आत्या, हे मधी मधी कट्-कट् काय वाजून राहिलं?" प्रतिक्षानं विचारलं.

कवळी होती ती. "टाळ हाय!" नर्मदाबाई म्हणाल्या.

आणि खालच्या गल्लीला मिळाला नुसता घुमारा. आवाज नाही, आवाजाची सावली! त्यात तिकडचा कर्णा बांधलेला बारवेवरच्या उंबराला. सुमनबाई दारात मिश्री लावत बसल्या होत्या, तर त्या खोल, चिरेबंदी विहिरीच्या तळातून आल्यासारखी हाक आली, "धाव रे मारुतीराया, धाव रे..."

मिश्रीची डबी हातातून सुटली. "अगं माय! ही तर अक्का! अक्का बारवेत पडली!"

पाच मिनिटांत खालची गल्ली बारवेवर! दोर आला, शिडी आली, बाज आली. एकानं घाईत घमेलं आणलं, ते कशाला ते त्यालाही सांगता येईना. पैलवान मोहनसिंग कमरेला दोर बांधून उतरायला लागला.

वरच्या गल्लीत बोंब पोचली, "बारवेत बाई पडली!" कोण पडलं हे जाणून घेतल्याशिवाय नर्मदाबाईंना चहा गेला असता का? अकरा पायऱ्यांना नको म्हणणारे गुडघे बारवेपर्यंत तरातरा आले! गर्दीच्या मागं टाचा उंचावून त्यांनी पुढच्याला विचारलं,

"कोण पडलं?"

"नर्मदाबाई," तो मागं न पाहताच म्हणाला.

"अरारारा! कोणती?"

"कोणती म्हंजी? भूपाळीवाली!"

नर्मदाबाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात पुढून सुमनबाईंचा हंबरडा आला, "अक्का गं! तुझ्यावानी गळा पंचक्रोशीत न्हाई गं!" नर्मदाबाईंनी उघडलेलं तोंड मिटलं. आपल्यामागं लोक काय म्हणतात ते ऐकायची संधी कोणाला मिळते! त्या एक पाऊल पुढं सरकल्या.

"तिच्या आवाजानं माझी पहाट व्हायची गं!"

आणखी एक पाऊल.

"वरचा सूर कधी लागला न्हाई बिचारीला, पण..."

"कोणाला लागला न्हाई?"

सगळी गर्दी मागं वळली. बाया किंचाळल्या. दोर धरलेल्यांनी दोर सोडून हात जोडले आणि धप्प! आता मात्र बारवेत खरंच माणूस पडलं! नशीब, पाणी कमरेएवढंच होतं. मोहनसिंग खालून ज्या शिव्या देत होता, त्यांना घुमाराही चौफेर मिळाला.

सगळा उलगडा झाल्यावर विश्वंभर लालबुंद झाले. "बस झालं काकू! उद्यापासून सुमनबाईच गातील!"

नर्मदाबाईंनी मान खाली घातली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा!

सुमनबाईंनी पदरानं नाक पुसलं. "न्हाई. अक्काचीच वाजंल. पाच दिवस म्हणला व्हता ना? एकच झाला. नुसत्या सावलीवरून मी तिचा आवाज वळखला. माझा कोण वळखंल?" मग जावेच्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणाल्या, "पण वरचा सूर मी लावते. लागत न्हाई तुला, अक्का."

नर्मदाबाईंनी बारवेत पाहिलं. स्वतःच्या गुडघ्यांकडं पाहिलं. "लाव. पण गावात बोलायचं न्हाई!"

त्याच दुपारी दोघी जावा बाळापूरला गेल्या. अनिरुद्धनं भीत भीत विचारलं, "आज्जी, मोनो का स्टिरिओ?"

"मोनो. अन् मधोमध ठेव बाबा. दोन्ही गल्ल्यायला सारखं वाढ."

उरलेले चार दिवस दोन्ही गल्ल्या तृप्त झाल्या. पाचव्या दिवशी विश्वंभर आले, तेव्हा दोघी जावा ओसरीवर चहा पीत बसल्या होत्या.

"काकू, भूपाळी कायम तुमचीच! पण तो वरचा सूर! या वयात! कसा काय लावला?"

नर्मदाबाईंनी मान ताठ केली. "तुला त्यातलं काय कळतं, विश्वंभर? तो घुमारा हाय!"

तेवढ्यात शेजारून घुमाऱ्यानं कप पुढं केला. "अक्का, साखर कमी हाय."