बापू जगतापांचा आवाज

ड्रम कोअरच्या स्पर्धेला मी इस्त्रीचा फुल शर्ट, काळे बूट आणि काखेत लॅपटॉप अशा थाटात गेलो.

चूक सर्वस्वी माझी. बापू जगतापांनी फोनवर एवढंच विचारलं होतं, "सुहास, शनिवारी कोअर आहे. येतोस का?" आता आमच्या टेक्ससमधल्या शुगर लँडच्या मराठी मंडळात कोअर म्हणजे कोअर कमिटी. त्या कमिटीत आपल्याला कुणीतरी बोलवावं म्हणून मी गेले कित्येक गणपती सतरंज्या उचलतोय. त्यामुळे "कसली कोअर?" असं विचारून हातचं आमंत्रण घालवण्याइतका मी खुळा नव्हतो. मी "येतो म्हणजे काय, येणारच" म्हणालो आणि शुक्रवारची अख्खी संध्याकाळ घालवून महाप्रसादाच्या मेन्यूचं प्रेझेंटेशन बनवलं. त्यात मसालेभाताला स्वतंत्र स्लाइड होती.

शनिवारी दुपारी बापूंचा पिकअप ट्रक दारात उभा राहिला. बापू हाफ पँटमध्ये. डोक्यावर टोपी, नाकावर सनस्क्रीनचा पांढरा पट्टा, मागे बर्फाच्या पाण्याचा कूलर. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"लेका, कुणाची मुंज आहे?"

मी कोअर कमिटीचं सांगितलं. बापू इतके हसले की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं.

"अरे, ड्रम कोअर! आपली केतकी आहे ना त्यात? पोरापोरींचं पथक असतं. शंभर-दीडशे पोरं. निम्मी ढोल-ताशे घेतात, निम्मी पितळी वाजंत्री. उन्हाळाभर बसनं गावोगाव फिरतात, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपतात आणि फुटबॉलच्या मैदानावर पळत पळत वाजवतात. स्पेलिंगच्या शेवटी पी आणि एस आहे, पण ते बोलायचे नाहीत. एवढ्या आवाजाच्या कामाला दोन मुकी अक्षरं कुणी चिकटवली कुणास ठाऊक! चल, बस."

मी बसलो. लॅपटॉप घरात ठेवून येण्याचं सुचलं नाही.

बापू मूळचे कराडचे. पेशाने पाइपलाइन इंजिनियर. पण त्यांची खरी ओळख म्हणजे त्यांचा आवाज. हा माणूस कानात सांगायला लागला तरी शेजारच्या टेबलावरची माणसं मान डोलावतात. एकदा मंडळाच्या नाटकात त्यांना प्रॉम्प्टर म्हणून विंगेत बसवलं. प्रत्येक वाक्य प्रेक्षकांना आधी बापूंकडून ऐकू यायचं आणि मग नटाकडून. मध्यंतरानंतर एक आजोबा म्हणाले, "ते आतले गृहस्थ बरे करतायत, त्यांनाच बाहेर आणा." पुढच्या वर्षीपासून बापूंना पार्किंगवर नेमलं. तिथे मात्र सगळ्या गाड्या पहिल्या हाकेत रांगेत लागल्या.

दुसऱ्यांच्या आवाजाबद्दलही त्यांची मतं पक्की. चांगल्या आवाजासाठी त्यांचा एकच निकष: "छातीत बसला पाहिजे." ढगांचा गडगडाट झाला की खिडकीशी जाऊन म्हणणार, "हा बसला." आमच्या घरी जेवायला आले असताना कुकरची शिट्टी झाली तर बायकोला म्हणाले, "वहिनी, रिंग बदला. पहिल्या दोन बसल्या, तिसरी घशातच राहिली." रिंग खरोखरच गेली होती. तेव्हापासून आमच्या घरात कुकरच्या बाबतीत माझं मत कुणी घेत नाही.

त्यांची मुलगी केतकी सहावीत शाळेच्या बँडमध्ये गेली आणि बापूंना आयुष्याचा अर्थ सापडला. टेक्ससमध्ये लोक फुटबॉल बघायला जातात आणि मध्यंतरात बँड वाजतो. बापूंच्या हिशेबाने लोक बँड ऐकायला जातात आणि पोरांना दम खायला वेळ मिळावा म्हणून आधी आणि नंतर कुणीतरी बॉल फेकतं. मध्यंतर संपलं की ते घरी. कोण जिंकलं विचारलं तर म्हणणार, "ट्रम्पेट."

केतकीचं वाद्य मेलोफोन. ट्रम्पेटचा जरा अंगाने भरलेला भाऊ म्हणा. कॉलेजात गेल्यावर ती थेट ड्रम कोअरमध्ये निवडली गेली. आणि तिथे घोटाळा झाला.

तो बापूंनी हायवेला लागल्यावर सांगितला. स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरणं एकदम थांबलं.

"गेल्या वर्षी तिच्या शोमध्ये एक अगदी हळू जागा होती. इतकं गोड वाजवत होती पोरं. मला राहवलं नाही. मी ओरडलो."

"काय ओरडलात?"

"'आवाऽऽज!' दुसरं काय ओरडणार? व्हिडिओत माझंच ऐकू येतंय, पोरं दिसतायत नुसती. तेव्हापासून बसमध्ये सगळे तिला 'आवाज' म्हणून हाक मारतात. गोरी पोरं, काळी पोरं, सगळी. आवाज, पास द केचप."

मी हसलो. बापू हसले नाहीत.

"या वर्षी तिनं मला यायचीच बंदी घातली. वयाची अट असते, हा तिचा शेवटचा सीझन. ऑगस्टमधल्या शेवटच्या शोनंतर संपलं. तुझ्या वहिनीनं मध्ये पडून तोडगा काढला. आजचा शो घराजवळ आहे, तर आज यायचं. आज माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही, तर ऑगस्टला यायची परवानगी. निघाला, तर घरी बसून फोनवर बघायचं."

"मग वहिनी का नाही आल्या?"

"ती म्हणाली, मला टेन्शन झेपणार नाही. म्हणून तुला आणलं. तू माझ्या डाव्या बाजूला बसायचं. मी तोंड उघडलं रे उघडलं की चिमटा काढायचा. मांडीला. जोरात. लाज धरायची नाही."

मी ही जबाबदारी फार गांभीर्याने घेतली. वाटेत दोन वेळा सरावही केला. दुसऱ्या वेळी ट्रक लेनबाहेर गेला.

ह्यूस्टनच्या पलीकडच्या एका शाळेचं स्टेडियम. शाळेचं म्हणायचं, पण आपल्याकडे एवढ्यात तालुक्याची कबड्डी स्पर्धा आणि बाजार दोन्ही भरले असते. जुलैमधली दमट संध्याकाळ, आणि बसायला ॲल्युमिनियमची बाकं, दिवसभर तापलेली. सगळे प्रेक्षक गाद्या घेऊन आले होते. मी लॅपटॉपची बॅग घेऊन आलो होतो. तिच्यावर बसलो. मसालेभात खाली, मी वर.

पहिलं पथक मैदानात आलं तेव्हा मी घाम पुसत होतो. पोरं इकडे तिकडे धावली, गोल झाले, गोलाचे तिरके पट्टे झाले, आणि मग अचानक सगळे पितळी भोंगे आमच्याकडे वळले. जो काही आवाज आला, तो मी कानांनी ऐकला असं म्हणता येणार नाही. शर्टाच्या बटणांनी ऐकला. मी बापूंकडे वळून म्हणालो, "बसला!" बापूंनी मान हलवली. तोंडात निळा रुमाल कोंबला होता आणि डोळे विस्फारले होते. एक चिमटा मी उगाचच काढून पाहिला. त्यांनी रुमालामागून काहीतरी म्हटलं, ते सुदैवाने कळलं नाही.

मग केतकीचं पथक आलं. बापूंनी बोट दाखवलं. तेवढ्या सगळ्या टोप्या एकसारख्या, पण त्यांना ती बसमधून उतरतानाच सापडली असणार. सुरुवात दणदणीत झाली. मी हात मांडीजवळ तयार ठेवला. बापू गप्प. ढोलांनी आकाश खाली आणलं, बापू गप्प. मला त्यांचा अभिमान वाटायला लागला आणि स्वतःचा त्याहून जास्त.

मग सगळं हळू झालं. पोरं एकेक करून थांबली, जिथे होती तिथे पुतळ्यासारखी. ढोल थांबले. केतकी एकटी चालत मैदानाच्या मधोमध आली. मेलोफोन ओठांना लावला. आणि थांबली.

वाजवेचना.

मला कुणी सांगितलं नव्हतं की ही थांबलेली जागाच त्या शोचा जीव आहे. एवढं मोठं स्टेडियम श्वास रोखून होतं आणि मी मात्र मनाने मंडळाच्या मुलांच्या कार्यक्रमात होतो. तिथे कुठलंही मूल स्टेजवर मध्येच थांबलं, की त्याचा एकच अर्थ असतो: विसरलं! आणि आपला एकच धर्म असतो. बापू रुमाल चावत होते. वहिनी घरी. पोरीला धीर देणारं आपलं माणूस त्या क्षणी मी एकटाच होतो.

मी बाकावर उभा राहिलो आणि ओरडलो, "वाजव गं केतकी! घाबरू नकोस, बाळा! आम्ही आहोत!"

शांततेत मराठी फार लांब जाते.

समोरच्या रांगेतली पांढऱ्या केसांची एक बाई हातातला पंखा थांबवून माझ्याकडे वळून बघायला लागली. आणि माझ्या उजव्या मांडीला असा चिमटा बसला की मी खाली बसलो नाही, कोसळलो.

मैदानात केतकी हलली नाही. ठरलेला क्षण आला तेव्हाच तिने फुंकलं. एकच सूर, बारीक, लांब. तो वर चढत गेला आणि मग त्याच्यामागून एकेक पोर जागं झालं. मी बापूंकडे चोरून पाहिलं. रुमालाची वरची कड ओली होती.

शो संपला. सगळे उभे राहून किंचाळत होते. आता ओरडायला काहीच हरकत नव्हती, पण बापू नुसते उभे होते.

"बापू, मी..."

"चल," ते म्हणाले. त्यांचा एवढा लहान आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

बसगाड्यांच्या मागे पोरं टोप्या काढून पाणी ढोसत होती. केतकी आली ती सरळ बापूंच्या पुढ्यात. डोळ्यांत पाणी, आणि ते घामाचं नव्हतं.

"बाबा. सीरियसली? यू प्रॉमिस्ड! एकच तर सांगितलं होतं मी! अख्ख्या टेक्ससमध्ये माझ्यासाठी मराठीत ओरडणारा एकच माणूस आहे."

मी तोंड उघडलं. बापूंनी माझा हात धरला.

"चुकलं बाळा," ते म्हणाले. "ऑगस्टला नाही येत मी."

"बापू, अहो..."

"तू गप. तुला मी आणलं. म्हणजे आवाज माझाच."

तेवढ्यात ती पंखावाली बाई गर्दीतून आली. ती बार्बरा, रिटायर्ड शिक्षिका, आणि उन्हाळाभर आपली गाडी घेऊन प्रत्येक शोच्या मागे फिरते, हे मला नंतर कळलं. तिने केतकीचे दोन्ही हात धरले आणि इंग्रजीत म्हणाली, "हनी, काय सुंदर वाजवलंस! ओक्लाहोमापेक्षा चांगलं, लुइझियानापेक्षा तर खूपच. तुझ्या वडलांना विचार. दोन्हीकडे माझ्या शेजारी होते. अगदी वरच्या रांगेत, टोपी खाली ओढून, तोंडात तो रुमाल. आम्ही त्यांना 'क्वाएट गाय' म्हणतो. मी त्यांना म्हटलंसुद्धा, खाली जाऊन भेटा तिला. तर म्हणाले, तिला माहीत नाहीये मी आलोय." मग तिने माझ्याकडे पंखा रोखला. "ओरडले ते हे!"

क्वाएट गाय. ज्यांना नाटकाच्या विंगेतून पार्किंगमध्ये हलवलं, ते बापू जगताप.

केतकी बार्बराकडे बघत राहिली, मग बापूंकडे. "ओक्लाहोमा? बाबा, तू तर साइटवर होतास. मिडलँडला. आई म्हणाली."

बापूंनी टोपी काढली, परत घातली. "पाइपलाइन तिकडेही जाते," ते पुटपुटले.

"आणि लुइझियाना?"

"तिकडे तर जातेच."

"एवढं ड्राइव्ह करून आलास आणि मला भेटलापण नाहीस?"

"तू नको म्हणाली होतीस ना. मग म्हटलं, ऐकू तर येईल."

केतकी युनिफॉर्मसकट पुढे झाली आणि कपाळ त्यांच्या खांद्यावर टेकलं. बापूंचे हात बराच वेळ हवेतच होते, कुठे ठेवावेत ते त्यांना सुचेना. मग एक हात तिच्या पाठीवर गेला आणि हळूहळू थोपटायला लागला. त्याचा आवाज येत नव्हता.

"ऑगस्टला ये," ती खांद्यातूनच म्हणाली. "वर नाही. खाली, माझ्यासमोर बस. आणि माझा शेवटचा नोट संपला ना, की ओरड. तुझंच ओरड. लाऊड."

"छातीत बसेल असं?"

"हो बाबा."

मला भरून आलं. एवढ्या मोठ्या प्रसंगात आपला खारीचा का होईना वाटा आहे, असंही वाटायला लागलं होतं. केतकीने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून अगदी गोड हसली.

"सुहासकाका, ऑगस्टमध्ये तुम्ही काय करताय?"

"काही नाही गं!" मी शर्ट सारखा करत म्हणालो. "एकदम मोकळा आहे!"

"गुड," ती म्हणाली. "मग घरीच थांबा."